सतराव्या लेण्यातले चाक

अजिंठ्याचे सतरावे लेणे जातककथांच्या, म्हणजे बुद्धाच्या पूर्वजन्मांच्या कथांच्या, चित्रांसाठी प्रसिद्ध आहे, त्यामुळे लोक घाईने आत शिरतात. आत जाण्याआधी व्हरांड्याच्या डाव्या टोकाची भिंत मात्र सावकाश पाहावी. तिथे एका मोठ्या चाकाचा तुकडा उरला आहे. बराच भाग नष्ट झाला आहे, रंग काळवंडले आहेत, तरी आऱ्यांच्या मधल्या जागेत माणसांच्या गर्दीची छोटी छोटी दृश्ये ओळखू येतात आणि ते सगळे चाक कुणीतरी हिरवट हातांनी धरून ठेवलेले दिसते. एकोणिसाव्या शतकातल्या युरोपीय अभ्यासकांना हे राशिचक्र वाटले, आणि काही काळ या लेण्याला राशिचक्राचे लेणे असेच म्हटले जाई. १८९०च्या दशकात लॉरेन्स वॅडेल यांनी त्याचा उलगडा केला. ते पेशाने डॉक्टर, पण दार्जिलिंग-सिक्कीमकडच्या लामांच्या मठांत त्यांचे बरेच जाणेयेणे होते. त्या मठांच्या दाराशी असेच चाक रंगवलेले असते. दोन्ही चित्रे एकाच परंपरेतली आहेत हे त्यांच्या लक्षात आले. या चित्राचे नाव भवचक्र.

बौद्ध विचारांकडे नव्याने वळलेल्या वाचकाला पहिली अडचण शब्दांची येते. चार आर्यसत्ये, अष्टांगिक मार्ग, पंच स्कंध, बारा निदाने, सहा पारमिता अशी आकड्यांची आणि संस्कृत नावांची रीघ लागते. नेट लावून पाठ केले तर आठवडाभरात सगळे तोंडपाठ होते, आणि तरीही बुद्धाला नेमके काय म्हणायचे होते ते उमगत नाही. कारण हे शब्द सुटे सुटे समजतच नाहीत. ते एकमेकांत कसे गुंतले आहेत हे पाहायचे तर भवचक्रासारखे दुसरे साधन नाही. ते मुळात शिकवण्यासाठीच काढले गेले.

त्याची हकिकत 'दिव्यावदान' या संस्कृत कथासंग्रहात आहे. बुद्धाचा शिष्य मौद्गल्यायन नरकापासून देवलोकापर्यंत फिरून येई आणि तिथे काय पाहिले ते लोकांना सांगे. ते ऐकून वाट चुकलेले शिष्यही ताळ्यावर येत, म्हणून जो तो आपला आळशी शिष्य त्याच्याकडे घेऊन येऊ लागला. ही गर्दी पाहून बुद्ध आपला शिष्य आनंद याला म्हणाला की मौद्गल्यायन काही सगळीकडे आणि सदासर्वकाळ असणार नाही, तेव्हा विहाराच्या दारावरच्या कोठीत हे चक्र रंगवून घ्या. चित्र झाले. येणारेजाणारे थांबून विचारू लागले, हे काय आहे? भिक्षूंना सांगता येईना. मग चित्र समजावून सांगायला एक भिक्षू नेमावा असे ठरले. तो नेमतानाही हलगर्जी झाली, अजाण भिक्षू नेमले गेले, तेव्हा जाणकारच नेमावा असा नियम झाला. संघाच्या नियमांत अशी बारीकसारीक घटना नोंदलेली राहिली, यावरून या शिकवणीला दारातल्या माणसाची किती काळजी होती ते कळते. विहारात येणाऱ्या ब्राह्मणाला, व्यापाऱ्याला, मोलमजुरी करणाऱ्याला हे समजावे, यासाठी ही सगळी खटपट होती.

चाकाकडे जाण्याआधी भाषेबद्दल थोडे सांगायला हवे, कारण एकच कल्पना पुस्तकांत दोन रूपांत भेटते आणि नवा वाचक गोंधळतो. धम्म आणि धर्म, कम्म आणि कर्म, निब्बान आणि निर्वाण, अनत्ता आणि अनात्म. पहिली रूपे पालीतली, दुसरी संस्कृतातली. बुद्ध लोकभाषेत बोलत असे. ब्राह्मण कुळातल्या दोन भिक्षूंनी त्याची वचने वैदिक छंदाच्या भाषेत बांधू या असे सुचवले, तेव्हा त्याने ते मना केले, अशी नोंद विनयपिटकात, म्हणजे संघाच्या नियमांच्या ग्रंथात, आहे. पुढे काही शतकांनी उत्तरेकडच्या संप्रदायांनी आणि महायान या पंथाच्या आचार्यांनी संस्कृतात लिहायला सुरुवात केली, कारण इतर दर्शनांशी वाद घालायचा तर तीच भाषा हवी होती. हा बदल अजिंठ्यातच पाहायला मिळतो. दहाव्या लेण्याच्या दर्शनी भागावरचा जुना दानलेख प्राकृतात आहे आणि सतराव्या लेण्याचा, पाचव्या शतकातला, लेख संस्कृत श्लोकांत. मराठी वाचकाला पालीची वाट मोकळी करून दिली ती धर्मानंद कोसंबी यांनी. गोव्यातल्या साखवाळचा हा माणूस बुद्ध समजून घेण्याच्या ध्यासाने घर सोडून निघाला आणि १९०२ मध्ये सिंहलद्वीपात जाऊन पाली शिकला. या प्रकरणात मी संस्कृत रूपे वापरतो आहे, कारण भवचक्राची हकिकत संस्कृतात आहे.

आता चाक. त्याच्या तुंब्यात, म्हणजे अगदी मधोमध, तीन प्राणी काढायचे असा दंडक आहे: पारवा, साप आणि डुक्कर. पारवा म्हणजे राग, साप म्हणजे द्वेष, डुक्कर म्हणजे मोह. (तिबेटी चित्रांत पारव्याच्या जागी बहुधा कोंबडा असतो.) मराठीत राग म्हणजे संताप. इथे मात्र राग म्हणजे रंगणे, एखाद्या गोष्टीत जीव गुंतणे. 'अनुराग' या शब्दात तो अर्थ अजून शिल्लक आहे. हवेसे वाटणे, नकोसे वाटणे आणि खरे काय ते न कळणे, या तिघांच्या जोरावर सगळे चाक फिरते. यांना अकुशल मुळे म्हणतात. 'पाप' म्हटले नाही, 'अकुशल' म्हटले, हे मला फार मोलाचे वाटते. अकुशल माणसाला कौशल्य शिकवता येते.

चाक धरून ठेवणाऱ्याचे नाव दिव्यावदानात स्पष्ट दिले आहे: अनित्यता. तिबेटी चित्रांत तो अक्राळविक्राळ राक्षस असतो आणि लोक त्याला यम समजतात. देव असो, माणूस असो, किडा असो, सगळे अनित्यतेच्या मुठीत. जे जे कारणांनी जुळून आले आहे ते ते टिकणार नाही, एवढाच अनित्य या शब्दाचा अर्थ. सतराव्या लेण्यात हा शब्द नुसता ग्रंथातला राहत नाही. लेण्याचा दानलेख कोरवून घेणारा राजा वाकाटक सम्राट हरिषेणाचा मांडलिक होता. त्याचा धाकटा भाऊ रविसांब अकाली गेला. भावाच्या मृत्यूने खचलेला हा राजा अनित्यतेचे चिंतन करू लागला आणि दानधर्माकडे वळला, असे लेखात म्हटले आहे. लेखाची अक्षरे जागोजागी झिजली आहेत, राजाचे स्वतःचे नावही नीट वाचता येत नाही, पण भावाचे नाव राहिले. तो लेख आणि अनित्यतेच्या हातातले चाक एकाच लेण्याच्या दर्शनी भागात आहेत. राजाने ते चाक कोणत्या मनाने पाहिले असेल, याचा विचार तिथे उभे राहिल्यावर टाळता येत नाही.

अनित्यतेतून दुःख येते. बौद्ध धर्म निराशावादी आहे हा आरोप याच शब्दावरून होतो. आचार्यांनी दुःखाचे तीन प्रकार सांगितले आहेत. दात दुखणे, जवळचे माणूस जाणे हे उघड दुःख, त्याला दुःखदुःखता म्हणतात. सुखाचा दिवस सरतो तेव्हा होते ते विपरिणामदुःखता. तिसरी संस्कारदुःखता सर्वांत सूक्ष्म: सगळे बरे चालले असतानाही ते असेच राहावे म्हणून मन जी सततची धडपड करते ती. तिसऱ्याचा अनुभव सुखवस्तू माणसाला जास्त येतो. तेव्हा सुख नसतेच असे बुद्धाने म्हटलेले नाही. सुख हातात धरून ठेवता येत नाही, आणि आपण ते धरायला जातो, हे त्याचे म्हणणे. सारनाथला दिलेल्या पहिल्या प्रवचनातली चार आर्यसत्ये याच क्रमाने येतात: दुःख आहे, त्याला कारण आहे, कारण गेले की दुःख जाते, आणि ते घालवण्याचा मार्ग आहे. मार्ग म्हणजे सम्यक दृष्टीपासून सम्यक समाधीपर्यंतची आठ अंगे. शील, समाधी, प्रज्ञा या तीन गटांत ती बसतात. त्यांचे तपशील पुढच्या प्रकरणात येतील.

दुःख आहे, तर ते कुणाला आहे? इथे बौद्ध विचार इतर भारतीय दर्शनांपासून वेगळा होतो. उत्तर असे की 'कुणी' म्हणून बोट दाखवता येईल असा कायमचा आत्मा सापडत नाही. याला अनात्म म्हणतात. माणूस म्हणजे पाच स्कंधांचा, पाच ढिगांचा, जुळून आलेला समूह: रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान. मराठी वाचकाने इथे सावध राहावे, कारण यातला एकही शब्द आपल्या रोजच्या अर्थाने येत नाही. रूप म्हणजे शरीर आणि सगळा जड भाग. वेदना म्हणजे नुसते दुखणे नव्हे. सुखद, दुःखद किंवा दोन्ही नसलेला असा कोणताही अनुभव वेदनाच. संज्ञा म्हणजे ओळखणे, हे निळे, हे आंबट, ही माझी बहीण. संस्कार म्हणजे मनाची घडण आणि तिच्या प्रेरणा. बारसे-मुंजीचा इथे संबंध नाही. आणि विज्ञान म्हणजे जाणीव, डोळ्याने दिसल्याची किंवा कानाने ऐकल्याची.

ही गोष्ट सर्वांत सुंदर रीतीने 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथात सांगितली आहे. मिलिंद म्हणजे वायव्येकडे राज्य करणारा ग्रीक राजा मिनँडर, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातला. त्याची गाठ नागसेन नावाच्या भिक्षूशी पडते. नाव विचारल्यावर भिक्षू म्हणतो की मला नागसेन म्हणतात, पण ते नुसते संबोधन आहे, त्यामागे असा कुणी पुरुष सापडत नाही. राजा चिडतो. मग शील कोण पाळतो, चीवर कुणाला दिले जाते? नागसेन विचारतो, महाराज, आपण पायी आलात की वाहनातून? रथातून. मग रथ कोणता ते सांगा. दांडा म्हणजे रथ का? आस? चाके? जू? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. सगळ्यांचा नुसता ढीग? तोही नाही. या सगळ्यांपासून वेगळे काही? तेही नाही. मग आपण ज्यात बसून आलात तो रथ आहे कुठे? शेवटी राजा स्वतःच म्हणतो की हे भाग जुळले की व्यवहारात त्याला रथ म्हणतात. नागसेनाला एवढेच वदवून घ्यायचे होते. रथ खोटा ठरला नाही, राजा त्यातच बसून आला होता. फक्त भागांपलीकडे दडलेला, कायमचा असा 'रथ' नाही.

चाकाच्या आऱ्यांमधल्या जागा म्हणजे गती: नरक, प्रेत, तिर्यक म्हणजे पशुपक्षी, मनुष्य आणि देव. दिव्यावदानात पाच आहेत, असुरांची सहावी पुढे जोडली गेली. देवांनाही मरण आहे. त्यांच्या गळ्यातल्या माळा कोमेजू लागल्या की दिवस भरत आले असे समजायचे. मरणारे आणि जन्मणारे जीव रहाटाच्या गाडग्यांसारखे दाखवावेत असे ग्रंथच सांगतो. 'घटीयंत्र' हा त्याचा शब्द आहे. संसाराच्या कटकटीला आपण रहाटगाडगे म्हणतो तेव्हा फार जुन्या कल्पनेशी आपली गाठ पडलेली असते.

एका गतीतून दुसरीत नेते ते कर्म, आणि या शब्दावर जितके ओझे लादले गेले तितके दुसऱ्या कोणत्याही शब्दावर नसेल. बुद्धाने कर्माचा अर्थ चेतना असा केला. चेतना म्हणजे हेतू, जाणूनबुजून करण्याची इच्छा. मज्झिमनिकाय या पाली ग्रंथात उपाली नावाच्या जैन गृहस्थाशी झालेला वाद आहे. जैन मुनींच्या मते काया, वाचा, मन यांपैकी कायेचे कृत्य सर्वांत भारी. बुद्धाच्या मते मनाचे. पायाखाली नकळत मुंगी मेली आणि मारायच्या हेतूने मारली, यांत बौद्ध दृष्टीने मोठे अंतर आहे. कर्म म्हणजे कपाळावर लिहिलेले नशीब नव्हे. जे घडते ते सारे पूर्वकर्मानेच घडते असे मानणाऱ्यांवर बुद्धाने स्पष्ट टीका केली आहे, कारण मग माणसाला काही करायचे कारणच उरत नाही.

आत्मा नाही, तर पुनर्जन्म कुणाचा? मिलिंदानेही हे विचारले. रात्रभर जळणाऱ्या दिव्याची पहिल्या प्रहरातली ज्योत आणि शेवटच्या प्रहरातली ज्योत एकच का, असे नागसेनाने उलट विचारले. तीच म्हणता येत नाही आणि वेगळीही म्हणता येत नाही; एकीतून दुसरी आली. हे परंपरेचे उत्तर. महाराष्ट्रात मात्र या प्रश्नाला वेगळे वजन आहे. मागच्या जन्मीचे कर्म भोगतोस असे सांगून ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या गावकुसाबाहेर ठेवले, त्यांच्यासाठी हा पोथीतला वाद नव्हता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात धम्मदीक्षा घेणाऱ्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच, आत्मा नाकारणारा बुद्ध कर्म आणि पुनर्जन्म कसा मानेल, असा प्रश्न मांडला. ग्रंथ त्यांच्या निधनानंतर १९५७ मध्ये निघाला. त्यांच्या मांडणीत कर्म म्हणजे जगाची नैतिक व्यवस्था, आणि एका माणसाचे कर्म आत्म्याबरोबर पुढच्या जन्मात जाते ही कल्पना त्यांनी फेटाळली. सगळ्या बौद्ध देशांतल्या आचार्यांना हे मान्य होणार नाही. पण कर्माला हेतूशी आणि माणसाच्या कर्तृत्वाशी जोडणारा बुद्धाचा मूळ रोख पाहिला, तर बाबासाहेबांच्या वाचनाला त्यात भक्कम आधार आहे असे मला वाटते.

आता चाकाची धाव, बाहेरची कडा. तिच्यावर बारा निदाने. याच साखळीला प्रतीत्यसमुत्पाद म्हणतात, म्हणजे हे असले की ते होते, हे नसले की ते होत नाही. आनंद एकदा म्हणाला की हे गहन म्हणतात, पण मला तर सोपे दिसते. असे म्हणू नकोस, बुद्ध त्याला म्हणाला. हे न कळल्यामुळेच लोक गुंतलेल्या सुतासारखे अडकून पडले आहेत. तिबेटी चित्रांत प्रत्येक कडीला एक चित्र असते. काठी टेकत चाललेला आंधळा म्हणजे अविद्या. मडकी घडवणारा कुंभार म्हणजे संस्कार. झाडावर उड्या मारणारे माकड म्हणजे विज्ञान. नावेत बसलेली माणसे म्हणजे नामरूप, मन आणि शरीर. खिडक्या असलेले रिकामे घर म्हणजे षडायतन, पाच इंद्रिये आणि सहावे मन. मिठी मारलेले जोडपे म्हणजे स्पर्श. डोळ्यात बाण घुसलेला माणूस म्हणजे वेदना. पेला तोंडाला लावलेला म्हणजे तृष्णा. फळे तोडणारा म्हणजे उपादान, धरून बसणे. गर्भार बाई म्हणजे भव, होऊ घातलेले. बाळंतीण म्हणजे जाति. इथे जातीचा अर्थ केवळ जन्म. आणि प्रेत वाहून नेणारा म्हणजे जरामरण.

बौद्ध आचार्य वसुबंधूच्या 'अभिधर्मकोशा'त ही साखळी तीन जन्मांवर पसरून समजावली आहे: पहिल्या दोन कड्या मागच्या जन्माच्या, मधल्या आठ या जन्माच्या, शेवटच्या दोन पुढच्या. पण त्याच ग्रंथात एका क्षणात बाराही कड्या कशा असू शकतात तेही नोंदले आहे. नव्या वाचकाने या दुसऱ्या वाचनापासून सुरुवात करावी, कारण ते ताबडतोब पडताळून पाहता येते.

एसटी स्टँडवर गाडीची वाट पाहत आपण उभे आहोत. भूक नाही, डबा खाऊन निघालो आहोत. कॅन्टीनमधून कांदाभज्यांचा वास येतो. नाक, वास आणि जाणीव एकत्र आली, हा स्पर्श. बरे वाटले, ही वेदना. इथपर्यंत आपण काहीच केलेले नाही, आणि करण्यासारखेही काही नव्हते. नाक आहे तोवर वास येणार आणि तो सुखदच वाटणार. पण पुढच्याच क्षणी 'पाहिजे' येते. ती तृष्णा. मग त्याची समर्थने जमू लागतात: गाडीला अजून वेळ आहे, कधीतरी खाल्ले तर काय होते, मला भजी आवडतातच मुळी. हे उपादान. यात 'मला' कुठे शिरला ते पाहण्यासारखे आहे. वासाच्या वेळी तो नव्हता. धरून बसताना तो तयार झाला, आणि मग भजी खाणारा 'मी' काउंटरपाशी जाऊन उभा राहतो, हा भव. लग्नघरात एखादा नातेवाईक लागट शब्द बोलला की हीच साखळी उलट्या चवीने चालते: कानावर शब्द पडला, झोंबला, 'याला सोडणार नाही' आले, आणि वर्षभर पुरेल असा दुखावलेला 'मी' जन्माला आला.

वेदना आणि तृष्णा यांच्या मधल्या त्या फटीकडे सगळी बौद्ध साधना पाहते. साखळी तिथे तुटू शकते. स्मृती या शब्दाचे काम इथले. बौद्ध अर्थाने स्मृती म्हणजे आत्ता काय घडते आहे त्याचे भान न सुटणे. इगतपुरीच्या धम्मगिरीवर दहा दिवसांच्या शिबिरात मौन पाळून साधक शरीरावरच्या संवेदना तटस्थपणे पाहायला शिकतात, त्यामागचा सिद्धान्त हाच आहे: सुखद वेदनेला 'पाहिजे' आणि दुःखद वेदनेला 'नको' असे आपोआप उत्तर देण्याची सवय मोडणे. या तटस्थतेला उपेक्षा म्हणतात. मराठीत उपेक्षा म्हणजे हेळसांड, त्यामुळे हा शब्द फार फसवा आहे. मैत्री, करुणा, मुदिता आणि उपेक्षा हे चार ब्रह्मविहार एकत्र सांगितले जातात. जिच्यात मैत्री आणि करुणा नाही ती उपेक्षा बौद्ध अर्थाने उपेक्षाच नव्हे.

चाकाच्या बाहेर बुद्ध उभा असतो आणि एका शुभ्र मंडलाकडे बोट दाखवत असतो. ते निर्वाण. शब्दाचा अर्थ विझणे. काय विझते? गयेजवळ एका टेकडीवर बुद्धाने पूर्वी जटाधारी तापस असलेल्या हजार भिक्षूंसमोर प्रवचन केले. ते काश्यप बंधूंचे शिष्य, आयुष्यभर अग्नीची पूजा केलेले. त्यांना तो म्हणाला की डोळा जळतो आहे, कान जळतो आहे, मन जळते आहे, आणि ही आग राग, द्वेष, मोहाची आहे. म्हणजे चाकाच्या तुंब्यातले ते तीन प्राणीच. ते शांत झाले की निर्वाण, आणि ते जिवंतपणीच होते. बुद्धाला ते बोधिवृक्षाखाली झाले आणि त्यानंतर तो पंचेचाळीस वर्षे गावोगाव हिंडून शिकवत राहिला. कुशिनगरातल्या देहान्ताला महापरिनिर्वाण म्हणतात. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात ते भव्य शिल्पात कोरले आहे: खाली रडणारे शिष्य, वर जमलेले देव. मुक्त झालेला मरणानंतर कुठे जातो, असे वत्सगोत्र नावाच्या परिव्राजकाने विचारले. समोरचा अग्नी विझला तर तो पूर्वेला गेला की पश्चिमेला, असे बुद्धाने विचारले. प्रश्नच लागू पडत नाही, वत्सगोत्र म्हणाला. बुद्धाने तेच उत्तर त्याच्या प्रश्नाला दिले.

महायानातला सर्वांत धसका देणारा शब्द शून्यता. महायान आचार्य नागार्जुनाने 'मूलमध्यमककारिके'च्या चोविसाव्या प्रकरणात आक्षेपकाला आधी भरपूर बोलू दिले आहे: सगळेच शून्य असेल तर आर्यसत्ये नाहीत, संघ नाही, बुद्धही नाही. मग तो हा आक्षेप उलटवतो. शून्य म्हणजे स्वतःच्या बळावर उभे असलेले असे काही नाही. प्रत्येक गोष्ट दुसऱ्यांवर अवलंबून आहे. शून्यता हे प्रतीत्यसमुत्पादाचेच दुसरे नाव. दुःखाला स्वतःचा अढळ स्वभाव असता, तर ते कधीच गेले नसते. अज्ञानी माणूस स्वभावतःच अज्ञानी असता, तर तो शिकलाच नसता. सगळे शून्य आहे म्हणूनच मार्ग चालता येतो. नवख्याने शून्यतेला घाबरून पुस्तक मिटू नये, एवढ्यासाठी हे इथेच सांगितले.

हे कळणे म्हणजे प्रज्ञा. प्रज्ञा आली की आपले दुःख आणि दुसऱ्याचे दुःख यांमधली भिंत पातळ होते आणि करुणेला आपपर उरत नाही. सगळ्यांना सोडवल्याशिवाय मी सुटणार नाही असे ठरवणारा तो बोधिसत्त्व. त्याने पुऱ्या करायच्या सहा पारमिता: दान, शील, क्षांती, वीर्य, ध्यान, प्रज्ञा. सतराव्या लेण्याच्या भिंती या पारमितांच्या कथांनी भरलेल्या आहेत. त्यांतली दानाची मोठी कथा विश्वंतर राजपुत्राची. पाऊस आणणारा राज्याचा पांढरा हत्ती तो मागणाऱ्यांना देऊन टाकतो, प्रजा खवळते, त्याला वनवास घडतो. वनात एक म्हातारा ब्राह्मण येऊन त्याची दोन मुले चाकरीला मागतो. विश्वंतर देतो. ब्राह्मण मुलांना वेलीने बांधून, मारत ओढत नेतो. पुढे इंद्र वेषांतर करून पत्नीही मागतो, तीही तो देतो. शेवटी सगळे परत मिळते.

या दानाबद्दलही मिलिंदाने नागसेनाला छेडले आहे. मुले देताना मुलांची संमती घेतली होती का? ती रडत होती, घाबरली होती, बापाकडे पाहत होती. पुण्य कमवायचे तर माणसाने स्वतःला द्यावे, दुसऱ्याला दुःखात लोटून कसले पुण्य? नागसेन लांबलचक उत्तर देतो: ब्राह्मणाने मुलेच मागितली होती, आजोबा त्यांना सोडवणार हे विश्वंतराला ठाऊक होते, बोधी मिळवण्यासाठी मागे काही ठेवायचे नसते. राजा समाधान पावतो असे ग्रंथ म्हणतो. मला ते उत्तर पटलेले नाही. हेतूला कर्म मानणाऱ्या, दुसऱ्याच्या दुःखाने हलणाऱ्या विचारात त्या दोन मुलांच्या रडण्याचा हिशेब कुठे धरायचा, हा मिलिंदाचा प्रश्न नागसेनाच्या उत्तरानंतरही तसाच उभा राहतो. ज्या परंपरेने विश्वंतराला दानाचा आदर्श मानले, तिनेच राजाचा हा प्रश्न न गाळता, त्याची धार बोथट न करता, आपल्या ग्रंथात लिहून ठेवला.